लूत लागलेले कुत्रे आणि आपला हिशेब



जिल्हा बैठकीत वाटायच्या अंकात कापसाचा भाव, पीकविमा, विजेचे बिल हे सगळे सोडून कुत्र्याच्या कातडीवर पाने कशाला खर्च केली, असे काहीजण विचारतील. विचारावेच. पण त्याआधी आपल्या वस्तीवर एकदा नजर टाकावी. कडब्याच्या गंजीच्या आडोशाला एक कुत्रे पडलेले असेल. कानाच्या कडा खपल्यांनी जाड झालेल्या, कोपरांवरचे केस गेलेले, कातडी सुरकुतून काळी पडलेली, आणि रात्रंदिवस खाजवून स्वतःचेच रक्त काढत बसलेले. गेल्या सुगीपर्यंत हेच कुत्रे आपल्या ज्वारीची राखण करत होते. आज त्याला पाहिले की पोरे दगड उचलतात आणि मोठी माणसे 'लुतभरं' म्हणून तोंड फिरवतात.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. लूत हे नशीब नाही, तो रोग आहे. त्याला औषध आहे. ते औषध फवारणीच्या एका बाटलीपेक्षा महाग नाही. आणि ते न करण्यात कुत्र्याचा तोटा आहे तितकाच आपला आहे.

राखणदाराची मजुरी

बीड जिल्ह्यातल्या कुत्र्यांची बातमी जगभर झाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी माकडे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांवर नेत होती, पिल्ले वरून पडून मरत होती. वन खात्याने दोन माकडे पकडून नेली. तोवर शहरातल्या लोकांनी त्याचे 'टोळीयुद्ध' करून टाकले होते. आकडे वाटेल तसे फुगले, चार दिवस जगाची करमणूक झाली आणि जग निघून गेले. एरवी ही कुत्री काय खातात, कशाने झुरतात, कशी मरतात याची विचारपूस ना त्याआधी कोणी केली, ना त्यानंतर.

जगाने केली नाही याचे आम्हाला नवल नाही. आपण करत नाही याचे आहे. कोरडवाहू शेतीत पेरलेले दाणे डुकरे उकरतात, उगवलेल्या पिकात हरणे आणि रोही शिरतात, हुरड्यात आलेली ज्वारी एका रात्रीत आडवी होते. जागलीला माणूस ठेवायचा तर रात्रीचा रोज किती द्यावा लागतो हे तुम्हाला सांगायला नको. तेच काम कुत्रे शिळ्या भाकरीवर करते. २०२० सालच्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा वस्तीवर राहणाऱ्या प्रत्येकाचा कान कुत्र्याच्या भुंकण्याकडे लागलेला होता. बिबट्या कुत्र्यालाही उचलतो हे खरे. पण लुतीने अर्धमेले झालेले कुत्रे भुंकत नाही, उठत नाही आणि पळतही नाही.

आपण घामाचे दाम मागणारी माणसे आहोत. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना, म्हणून त्याची मजुरी बुडवावी असा काही नियम नाही.

केस गेले म्हणजे लूतच असे नाही

पहिली गोष्ट ओळखण्याची. कुत्र्याचे केस जाण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

खरी लूत म्हणजे खरजेच्या किड्याची. हा किडा डोळ्यांना दिसत नाही. मादी कातडीत बीळ करते, त्यात अंडी घालते, आणि साधारण तीन आठवड्यांत अंड्यापासून पुढची पिढी तयार होते. सुरुवात कानाच्या कडा, कोपर, मागच्या पायाचा घोटा आणि पोट येथून होते. खाज भयंकर असते. एक सोपी परीक्षा आहे: हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून कानाची कड दोन बोटांत धरून चोळा. कुत्रे लगेच मागचा पाय हवेत खाजवल्यासारखा हलवू लागले तर बहुधा ही लूतच. ती एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाते. माणसालाही चार दिवस खाज आणि पुरळ येते, पण कुत्र्याच्या किड्याचा माणसावर वंश वाढत नाही. कुत्रे बरे झाले की ते थांबते. पोरांच्या बोटांच्या बेचक्यात महिनोन्महिने राहणारी खरूज ही माणसाच्या किड्याची असते. तिचे खापर कुत्र्यावर फोडू नये. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावल्याशिवाय ती जात नाही.

दुसरी लूत केसांच्या मुळात राहणाऱ्या किड्याची. तो बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर थोडाफार असतोच. आईकडून पिल्लाला तो पहिल्या काही दिवसांत, पिताना मिळतो. पिल्लू सशक्त असेल तर काही होत नाही. उपासमार, जंत, आजार यांनी अंगातली ताकद खचली की तो माजतो. डोळ्यांभोवती, तोंडावर, पुढच्या पायांवर केस गेलेले चट्टे पडतात. सुरुवातीला खाज फारशी नसते. ही लूत दुसऱ्या मोठ्या कुत्र्याला लागत नाही, माणसाला तर नाहीच. पिल्लाच्या अंगावरचे दोन-चार चट्टे बऱ्याचदा चांगले खाऊ घातल्यानेच भरून येतात. सगळ्या अंगावर पसरली तर मात्र काही महिने औषध चालते.

तिसरा नायटा. गोल चट्टा, कडेला तुटके केस, राखेसारखा कोंडा. ही बुरशी आहे. ती वासरालाही होते आणि पोरांनाही होते. यावर किड्याचे औषध मारून उपयोग शून्य.

चौथ्या पिसवा आणि गोचीड. शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर केस गेले असतील तर पिसवा पाहाव्यात. केसांतून काळी भुकटी निघाली तर ती ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचेच रक्त. गोचिडांमुळे नुसती खाज होत नाही, गोचीड तापही येतो. कुत्रे खाणे सोडते, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. असे कुत्रे त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे. आणि एक लक्षात ठेवावे: कुत्र्याची गोचीड बराच काळ कुत्र्यावर नसतेच. ती भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत, माळवदाच्या लाकडांत लपते आणि तिथे हजारो अंडी घालते. कुत्रे धुतले आणि भिंत तशीच ठेवली तर पंधरा दिवसांत येरे माझ्या मागल्या.

पाचवे कारण पोटातले. त्यावर पुढे लिहिले आहे. आणि कुत्री व्याल्यानंतर किंवा ऋतू पालटताना केस झडतात, पण कातडी खाली स्वच्छ असते, तो रोग नव्हे.

जळके ऑईल आणि फवारणीची बाटली

आता आपल्याकडच्या इलाजांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे.

ट्रॅक्टरचे जळके ऑईल हा गावोगावचा ठरलेला इलाज. ते लावले की किडे काही गुदमरतात, म्हणून दोन दिवस खाज कमी वाटते. पण त्या ऑईलात धातूंचे कण आणि जळलेल्या तेलाचे विष असते. कुत्रे अंग चाटते, ते पोटात जाते. उन्हाळ्यात काळे ऑईल फासलेल्या कुत्र्याची कातडी भाजून निघते. डिझेल आणि रॉकेलाचे तेच.

त्याहून वाईट म्हणजे पऱ्हाटीच्या फवारणीतून उरलेले औषध. मोनोक्रोटोफॉससारखी औषधे माणसाच्या कातडीतून आत जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अंगावर उडालेल्या फवाऱ्याने धडधाकट माणूस मरतो, तर सोललेल्या कातडीच्या बारा किलोच्या कुत्र्याला त्याच औषधाने न्हाऊ घातल्यावर काय होईल? लाळ गळते, अंग थरथरते, श्वास कोंडतो आणि कुत्रे मरते. आपण म्हणतो लुतीने मेले. ते लुतीने मरत नाही, इलाजाने मरते. घराच्या कोपऱ्यात अजून गॅमॅक्झिनची जुनी पुडी असेल तर तीही काढून टाकावी. १९९७ पासून या देशात त्यावर बंदी आहे.

जुन्या इलाजांत चांगलेही काही आहे. गंधकाने खरजेचा किडा मरतो हे लोकांना शतकांपासून ठाऊक आहे आणि आजचे वैद्यकही ते मानते. करंजाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात खललेले गंधक रोग थोडा असताना उपयोगी पडते. मात्र लावल्यावर कुत्र्याला चाटू देऊ नये, आणि सगळ्या अंगावर पसरलेली लूत एवढ्याने जाईल अशी आशा ठेवू नये.

अडाण्याचे ज्ञान म्हणून कोणी हसेल तर त्याला एक गोष्ट सांगावी. खरूज किड्याने होते हे इटलीत १६८७ साली बोनोमो आणि चेस्टोनी या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहिले. पण त्यांना पाहावेसे का वाटले? गरीब बाया आपल्या पोरांच्या कातडीतून सुईच्या टोकाने काहीतरी टिपून काढतात हे त्यांनी पाहिले होते म्हणून. बायांना आधीच ठाऊक होते. पंडितांना ते मान्य व्हायला आणखी दीडशे वर्षे लागली.

औषध काय, किती, कसे

आज लुतीवर सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन. हे मातीतून आले आहे. जपानच्या मातीतल्या एका जंतूपासून ते तयार झाले, १९८१ पासून जनावरांसाठी वापरात आले, आणि ते शोधणारे सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी आणि जंतांसाठी तुम्ही ते पाहिलेले आहे.

धोका इथेच आहे. एक टक्क्याचे इंजेक्शन ५० किलो वजनाला १ मिली या हिशेबाने असते. गाईला सहा-सात मिली लागते. आपले गावठी कुत्रे बारा-तेरा किलोचे, म्हणजे पाव मिलीचे. अंदाजपंचे टोचणाऱ्याच्या हातून इथे दहापट चूक सहज होते. मग कुत्रे झोकांड्या खाते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, बेशुद्ध पडते. अगदी लहान पिल्लांना ते देऊ नये. शहरातून आणलेल्या कोली जातीच्या लांब केसांच्या कुत्र्याला तर योग्य मात्राही मारक ठरते. म्हणून कुत्र्याचे वजन करावे. आधी पोते घेऊन काट्यावर उभे राहण्याची सवय आपल्याला आहे, कुत्रे कडेवर घेऊन तसेच करावे आणि आपले वजन वजा करावे. औषध डॉक्टरनेच टोचावे.

एका इंजेक्शनाने काम होत नाही. अंडी औषधाला दाद देत नाहीत, ती फुटून नवे किडे निघतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते, आणि डॉक्टर सांगेल तर तिसरीही. खाज थांबली म्हणजे रोग गेला असे समजून दुसरी फेरी चुकवणारेच पुढे 'औषध लागू पडत नाही' म्हणून बोंब मारतात.

दुसरे औषध अमिट्राझ, अंगाला लावायचे. साडेबारा टक्क्यांचे असेल तर एका लिटर पाण्यात २ मिली. आधी कुत्र्याला साध्या साबणाने धुऊन खपल्या मऊ कराव्यात, मग हातमोजे घालून हे पाणी अंगभर मुरवावे, डोळे वाचवावेत, आणि अंग सुकेपर्यंत चाटू देऊ नये. दिवसभर कुत्रे सुस्त राहते. लहान पिल्लाला आणि गाभण कुत्रीला लावू नये. घोड्याच्या जवळही ते नेऊ नये, घोड्याला ते वर्ज्य आहे. शहरात आता एका गोळीने महिना-तीन महिने किडे, पिसवा आणि गोचीड तिन्ही मारणारी औषधे मिळतात. ती महाग आहेत, पण ज्याला परवडते त्याने विचारावे.

कुत्र्याचे गोणपाट उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकावे किंवा जाळून टाकावे. आणि एकाच कुत्र्याला औषध देऊन शेजारची चार तशीच ठेवली तर पैसे पाण्यात गेले. लूत घराची नसते, वस्तीची असते. बोंडअळी एकाच्या बांधावर थांबत नाही, तसेच हे. केस परत यायला दीड-दोन महिने लागतात, तेवढा धीर धरावा.

नुसत्या भाकरीवर कातडी टिकत नाही

नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि तिथेच सोडून येतो. त्यात देव पाहावाच, पण व्यवहारही पाहावा. कोरडी भाकरी कुत्र्याला पुरत नाही. केस म्हणजे प्रथिन. ज्वारीत प्रथिन थोडे आणि तेही अपुरे. शिवाय धान्याच्या कोंड्यातला एक घटक अंगाला लागणारे जस्त बांधून ठेवतो. जस्त कमी पडले की तोंडाभोवती, पायांवर खपल्या धरतात आणि केस जातात.

उपाय घरातलाच आहे. भाकरी वरणात किंवा ताकात कुस्करावी, आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेले अंडे द्यावे, आणि रोज चमचाभर करडईचे तेल घालावे. कातडीला हवे असणारे स्निग्ध करडईत भरपूर असते, आणि ती आपल्याच रानात येते. खाटकाकडची आतडी आणावी, पण उकळूनच द्यावी. कच्च्यातून कुत्र्याच्या पोटात जो पट्टकृमी जातो त्याची अंडी माणसाच्या काळजात गाठी करतात. आणि सरकीची पेंड कुत्र्यासमोर कधीच टाकू नये. बैलाला ती पचते, कुत्र्याला सरकीतले विष बाधते.

कुत्री खंगतात ती विशेषतः कधी? दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातो, घराला कुलूप लागते, मागे म्हातारी माणसे आणि कुत्री राहतात. म्हातारीलाच एक वेळची भाकरी, तिथे कुत्र्याला कोण घालणार? उकिरड्यावर दहा कुत्री एकत्र येतात, एकाची लूत दहांना लागते. पाडव्याला माणसे परततात तेव्हा दारातले कुत्रे ओळखू येत नाही. जे कुत्रे टोळीबरोबर जाते ते फडावरच्या कोप्यांत पाच जिल्ह्यांच्या कुत्र्यांत मिसळून लूत घेऊन येते. हा कुत्र्याचा दोष नाही. ज्या गावाला सहा महिने गाव सोडावे लागते, त्या गावाची ही खूण आहे.

लुतभरे म्हणजे पिसाळलेले नव्हे

लूत लागलेले कुत्रे चिडके होते, कारण त्याला झोप नसते. त्याला पिसाळलेले समजून मारले जाते किंवा विष घातले जाते. विष घालणे गुन्हा आहे, आणि ते विष उद्या कोणाची शेळी किंवा कोणाचे पोरही खाते. पिसाळलेल्या कुत्र्याची चाल, आवाज बदलतो, लाळ गळते, गिळता येत नाही, दिसेल त्याला चावते आणि ते थोड्याच दिवसांत मरते. लुतीचे कुत्रे महिनोन्महिने खाजवत जगते. तरीही कोणतेही कुत्रे चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. यात तडजोड नाही. लुतीचा इलाज करताना कुत्र्याला रेबीजची लसही टोचून घ्यावी.

बैठकीपुढे चार गोष्टी

'कुत्र्याचे औषध आमच्याकडे नसते' असे उत्तर जनावरांच्या दवाखान्यात मिळाल्याचे पुष्कळांनी आम्हाला सांगितले. दवाखाना जनावरांचा आहे आणि कुत्रे जनावरच आहे. म्हणून बैठकीने पुढील चार गोष्टींवर विचार करावा असे आम्ही सुचवतो.

एक, टोळ्या निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, प्रत्येक गावात कुत्र्यांच्या औषधाचा एक दिवस ठरवावा आणि बरोबर दोन आठवड्यांनी दुसरा. दोन, ग्रामसभेत ठराव करून तालुक्याच्या पशुधन अधिकाऱ्यांकडे लुतीचे औषध आणि रेबीजची लस लेखी मागावी. लेखी मागणीला लेखी उत्तर द्यावे लागते. तीन, फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा क्रमांक गाईसाठी लावता तसा कुत्र्यासाठीही लावून पाहावा. न आले तर तारीख लिहून ठेवावी. चार, मागे राहणाऱ्या कुत्र्यांच्या भाकरीची पाळी गल्लीने वाटून घ्यावी.

दुष्काळात चारा छावण्यांसाठी आपण रस्त्यावर बसलो, कारण जनावर जगले तर शेती जगेल हे आपल्याला कळत होते. कुत्र्यासाठी कोणी रस्त्यावर बसावे असे आम्ही म्हणत नाही. पाव मिली औषध, दोन खेपा आणि चमचाभर करडईचे तेल, एवढाच हा खर्च आहे. तो मांडा, समोर एका रात्रीत गेलेल्या ज्वारीचा हिशेब मांडा, आणि मग ठरवा.